जीवाणुभक्षक विषाणू आणि वैद्यकीय सिरिंज : एका उपमेची शास्त्रीय चिकित्सा

प्रस्तावना :

जीवशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंची ओळख बहुधा एकाच आकृतीने होते. कोनदार डोके, त्याखाली सरळ शेपटी आणि शेपटीच्या टोकाशी कोळ्याच्या पायांसारखे वाकलेले सहा तंतू अशी ती आकृती असते. हा विषाणू इंजेक्शनच्या सिरिंजप्रमाणे आपले जनुकद्रव्य जीवाणूत टोचतो, असे स्पष्टीकरण तिच्यासोबत दिले जाते. हे स्पष्टीकरण सोपे आहे, चटकन लक्षात राहणारे आहे आणि उत्तरपत्रिकांमधून ते वर्षानुवर्षे लिहिलेही जाते. परंतु सिरिंजमध्ये दट्ट्या असतो. तो दाबणारा हात असतो. विषाणूमध्ये दट्ट्या कोणता आणि तो दाबतो कोण, हा साधा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न केवळ वर्गखोलीपुरता मर्यादित नाही. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचा प्रश्न आज जगभर गंभीर झाला आहे. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, एकट्या २०१९ या वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू अशा जीवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट घडले, तर सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी या प्रतिरोधाचा संबंध होता. या पार्श्वभूमीवर जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा औषध म्हणून वापर करण्याकडे पुन्हा लक्ष वळले आहे. अशा वेळी विषाणूला 'औषध भरलेली सूक्ष्म सिरिंज' समजल्यास त्याची मात्रा, सुरक्षितता आणि परिणाम या तिन्हींविषयी चुकीच्या अपेक्षा निर्माण होतात.

प्रस्तुत लेखात ही उपमा कोठून आली, ती कोठे जुळते, कोठे अपुरी पडते आणि तिच्या मर्यादा समजून घेणे उपचाराच्या दृष्टीने का आवश्यक आहे, याचा विचार करण्यात आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, संक्षेपाने फाज, असे म्हणतात. जीवाणुभक्षक विषाणू हा त्याचा मराठी पर्याय होय. इंग्लंडमधील फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्ये जीवाणूंच्या वसाहती विरघळवून टाकणाऱ्या एका अज्ञात घटकाचे वर्णन केले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या फेलिक्स देरेल यांनी १९१७ मध्ये स्वतंत्रपणे हाच घटक शोधून तो विषाणू असल्याचे प्रतिपादन केले आणि त्याला बॅक्टेरिओफाज हे नाव दिले.

या इतिहासात भारताचाही भाग आहे. आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये गंगा व यमुना यांच्या पाण्यात पटकीचे म्हणजे कॉलऱ्याचे जंतू मारण्याचा गुण असल्याचे आणि पाणी उकळल्यास तो नष्ट होत असल्याचे नोंदविले होते. पुढील काळात या निरीक्षणाचा संबंध फाजशी जोडण्यात आला; तथापि हँकिन यांनी स्वतः फाज पाहिलेला नव्हता, हे ध्यानात ठेवावे लागते. पुढे देरेल स्वतः १९२७ मध्ये भारतात आले आणि त्यांनी पंजाबात पटकीच्या रुग्णांवर फाजचा प्रयोग केला. त्यातून सुरू झालेली फाजविषयक शासकीय चौकशी १९३६ पर्यंत चालली. मात्र या काळात फाज नेमका दिसतो कसा आणि जीवाणूत शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्याची पहिली छायाचित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे १९४० च्या सुमारास मिळाली.

उपमेचा उगम :

वैद्यकीय सिरिंज ही एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. पोकळ सुई आणि दट्ट्याची नळी यांचा मेळ घालून त्वचेखाली औषध पोहोचविण्याचे साधन १८५३ मध्ये एडिंबरो येथील अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समधील शार्ल प्रावाझ यांनी स्वतंत्रपणे वापरात आणले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते प्रत्येक डॉक्टरच्या पिशवीत पोहोचले होते. नव्याने दिसू लागलेल्या फाजचे वर्णन करताना शास्त्रज्ञांना या परिचित वस्तूची आठवण होणे स्वाभाविक होते.

अमेरिकन शास्त्रज्ञ रॉजर हेरिएट यांनी नोव्हेंबर १९५१ मध्ये आल्फ्रेड हर्शी यांना लिहिलेल्या पत्रात ही कल्पना स्पष्टपणे मांडली. विषाणू हा जनुकद्रव्याने भरलेल्या एखाद्या लहानशा इंजेक्शनच्या सुईसारखा वागत असावा, तो स्वतः पेशीत शिरत नसावा आणि केवळ त्याच्या डोक्यातील केंद्रकाम्ल आत वाहत जात असावे, असा त्यांचा तर्क होता. या तर्कामागे एक निरीक्षण होते. फाजला क्षारांच्या तीव्र द्रावणातून एकाएकी साध्या पाण्यात आणले, तर त्यातील डीएनए बाहेर पडतो आणि प्रथिनांचे रिकामे कवच मागे उरते. असे रिकामे कवचही जीवाणूला चिकटू शकत होते.

हर्शी आणि मार्था चेस यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या तर्काला भक्कम आधार मिळाला. त्यांनी टी-२ या फाजच्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधकाची आणि डीएनएवर किरणोत्सारी फॉस्फरसची खूण केली. फाज जीवाणूंना चिकटल्यानंतर ते मिश्रण त्यांनी मिक्सरसारख्या यंत्रातून घुसळले. त्यामुळे सुमारे ७५ ते ८० टक्के गंधक जीवाणूंपासून अलग झाले. फॉस्फरसचा मात्र केवळ २१ ते ३५ टक्के भागच बाहेर आला. म्हणजे कवच बहुतांशी बाहेर राहिले आणि डीएनए बहुतांशी आत गेला. जनुकद्रव्य हे डीएनएच आहे, या निष्कर्षाकडे नेणाऱ्या महत्त्वाच्या प्रयोगांत याची गणना होते. सिरिंजची उपमा या प्रयोगाबरोबरच पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

उपमा जेथे जुळते :

एश्चेरिचिया कोलाय या आतड्यातील जीवाणूला संसर्ग करणाऱ्या टी-४ फाजची रचना पाहिल्यास या उपमेचे सामर्थ्य लक्षात येते. त्याचे डोके सुमारे १२० नॅनोमीटर लांब व ८६ नॅनोमीटर रुंद असते. एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर होय. या डोक्यात सुमारे १ लाख ६९ हजार आधारक जोड्यांचा डीएनए असतो. तो सरळ ताणल्यास सुमारे ५७ मायक्रोमीटर लांब भरेल, म्हणजे डोक्याच्या लांबीच्या जवळजवळ पावणेपाचशे पट.

डोक्याखालील शेपटीत दोन भाग असतात. आतली ताठ नळी सुमारे ९ नॅनोमीटर जाड असून तिची पोकळी सुमारे ४ नॅनोमीटर रुंद असते. डीएनएचा धागा २ नॅनोमीटर जाडीचा असल्याने तो या पोकळीतून जाऊ शकतो. या नळीभोवती आकुंचन पावू शकणारे एक प्रथिनांचे आवरण असते. शेपटीच्या टोकाशी एक तळपट्टी आणि तिला जोडलेले सहा लांब तंतू असतात.

या रचनेची सिरिंजशी तुलना केल्यास तीन बाबतींत साम्य आढळते. पहिले, साठवणारा भाग आणि साठविलेला पदार्थ हे परस्परांपासून वेगळे असतात. दुसरे, मजबूत अडथळा पार करण्यासाठी अरुंद नळीचा वापर होतो. तिसरे, काम झाल्यावर रिकामे पात्र बाहेरच राहते. त्यातही हे पात्र पुन्हा भरता येत नसल्याने टी-४ ची तुलना एकदाच वापरून टाकून द्यायच्या सिरिंजशी करणे अधिक योग्य ठरते.

उपमा जेथे अपुरी पडते :

१) दट्ट्याचा अभाव : आकुंचन पावणारे आवरण हाच फाजचा दट्ट्या, असा समज अनेकदा होतो. तो बरोबर नाही. तंतूंनी जीवाणूचा पृष्ठभाग ओळखल्यावर तळपट्टीचा आकार बदलतो आणि आवरण आकसून मूळ लांबीच्या निम्म्याहून कमी होते. या आकुंचनामुळे आतली नळी पुढे ढकलली जाऊन जीवाणूच्या बाह्य आवरणात घुसते. म्हणजेच हे आवरण दट्ट्याचे नव्हे, तर सुई टोचणाऱ्या हाताचे काम करते. डीएनए आत ढकलण्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

मग डीएनएला गती कोठून मिळते? याचे एक उत्तर फाजच्या जन्मात सापडते. नवीन फाज जेव्हा एखाद्या जीवाणूच्या पोटात तयार होत असतो, तेव्हा एक आण्विक यंत्र त्याच्या रिकाम्या डोक्यात डीएनए जोराने कोंबते. त्यासाठी लागणारी ऊर्जा त्या जीवाणूच्याच एटीपी या ऊर्जारेणूंतून घेतली जाते. फाय-२९ या फाजमधील हे यंत्र सुमारे ५७ पिकोन्यूटन बलाविरुद्ध काम करू शकते, असे २००१ मध्ये प्रत्यक्ष मोजण्यात आले. त्यावरून डोक्यातील दाब सुमारे ६० वातावरणांइतका असावा, असा अंदाज बांधण्यात आला. मोटारीच्या टायरमध्ये भरलेल्या हवेचा दाब साधारणतः २ वातावरणांच्या आसपास असतो, हे लक्षात घेतल्यास या आकड्याची कल्पना येते.

रंगपंचमीच्या पिचकारीत मुलाचा हात दट्ट्या दाबत असतो तोपर्यंतच पाणी उडते. पाण्याने गच्च भरलेल्या फुग्याचे तसे नसते. तेथे जोर आधीच साठविलेला असतो आणि तोंड सुटताच पाणी बाहेर येते. फाज हा या अर्थाने पिचकारीपेक्षा फुग्याच्या अधिक जवळचा आहे. सिरिंजच्या भाषेत सांगायचे, तर त्याचा दट्ट्या मागच्या जीवाणूतच दाबला गेलेला असतो.

२) दाबाची मर्यादा : साठविलेला दाबही संपूर्ण कामाला पुरत नाही. लॅम्डा या फाजवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाहेरील द्रावणाचा परासरण दाब वाढवत नेल्यावर डीएनए बाहेर पडण्याचे प्रमाण घटत गेले आणि सुमारे २० वातावरणांच्या दाबाला ते पूर्ण थांबले. डोके रिकामे होत जाते तसा आतला दाब उतरत जातो. उलट जीवाणूच्या आत स्वतःचा काही वातावरणांचा दाब असतोच. त्यामुळे डीएनएचा शेवटचा भाग आत जाण्यासाठी अन्य साहाय्य लागते.

टी-७ या फाजमध्ये हे साहाय्य फार स्पष्ट दिसते. त्याच्या डीएनएचा सुरुवातीचा साधारण ८५० आधारक जोड्यांचाच भाग प्रथम आत शिरतो. त्या भागावरील जनुके वाचण्यासाठी जीवाणूचे आरएनए पॉलिमरेज हे विकर कामाला लागते आणि वाचता वाचता उरलेला डीएनए दोरीसारखा आत ओढते. येथे बाहेरून ढकलण्याऐवजी आतून ओढले जाते, आणि ओढणारा स्वतः यजमानच असतो. टोचून घेणाऱ्या रुग्णाने स्वतःच औषध आत ओढून घ्यावे, असा हा प्रकार आहे.

३) ओळखीची क्षमता : सुई कोणाच्याही त्वचेत शिरते, कोणाला टोचायचे हे डॉक्टर किंवा परिचारिका ठरवते. फाजच्या बाबतीत ही निवड त्याच्या शेपटीतच सामावलेली असते. लॅम्डा फाज जीवाणूच्या पृष्ठभागावरील माल्टोज ही शर्करा आत घेणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. ते प्रथिन नसेल किंवा बदललेले असेल, तर संसर्ग होत नाही. म्हणूनच एक फाज साधारणतः एका जीवाणुजातीच्या काही वाणांपुरताच प्रभावी ठरतो, आणि जीवाणूही हे ग्राहक बदलून त्याला चुकवू शकतात.

४) रचनांची विविधता : सर्व फाज टी-४ सारखे नसतात. लॅम्डाची शेपटी लांब पण आकुंचन न पावणारी असते. टी-७ ची अगदी आखूड असते. फाय-एक्स-१७४ या फाजला शेपटीच नसते. संसर्गाच्या क्षणी त्याच्या प्रथिनांपासून एक तात्पुरती नळी तयार होते, असे २०१४ मध्ये दिसून आले. एम-१३ सारखे तंतुमय फाज जीवाणूच्या पृष्ठभागावरील केसासारख्या उपांगांच्या आधारे आत शिरतात. तेथे सुईची कल्पनाच लागू पडत नाही.

५) आतील पदार्थाचे स्वरूप : सर्वांत महत्त्वाचा भेद येथे आहे. सिरिंजमधील औषध शरीरात गेल्यावर पसरते, परिणाम करते आणि हळूहळू संपते. फाजने आत सोडलेला डीएनए ही मात्र सूचनावली असते. टी-४ च्या बाबतीत, अनुकूल परिस्थितीत साधारण अर्ध्या तासात त्या सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक नवे फाज तयार होतात आणि जीवाणू फुटतो.

प्रत्येक फाज असे करतोच असे नाही. एस्थर लेडरबर्ग यांनी शोधलेला लॅम्डा फाज आपला डीएनए जीवाणूच्या गुणसूत्रात मिसळून पिढ्यान्पिढ्या सुप्त राहू शकतो. कधी कधी असा पाहुणा यजमानाला अधिक घातक बनवितो. पटकीच्या जंतूचे विष कोलकाता येथील शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने दाखवून दिले. ते विष तयार करणारी जनुके मुळात एका तंतुमय फाजची आहेत, हे १९९६ मध्ये वॉल्डर व मेकॅलानोस यांनी सिद्ध केले. ज्या पटकीवर देरेल फाजचा उतारा शोधत होते, तिचे विषही एका फाजकडूनच आलेले होते.

उपचाराच्या दृष्टीने महत्त्व :

वरील भेदांचे व्यावहारिक परिणाम फाज-उपचारात दिसून येतात. जॉर्जियातील त्बिलिसी येथे १९२३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, जी आज एलियावा संस्था म्हणून ओळखली जाते, ही उपचारपद्धती दीर्घकाळ जोपासली. पाश्चात्त्य देशांत प्रतिजैविकांच्या आगमनानंतर ती मागे पडली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील रुग्णालयात २०१६ मध्ये असिनेटोबॅक्टर बाऊमनी या बहुप्रतिरोधी जीवाणूने अत्यवस्थ झालेल्या एका प्राध्यापकांवर शिरेवाटे फाज देऊन उपचार करण्यात आले आणि ते बरे झाले. उपचारादरम्यान जीवाणू आधीच्या फाजला प्रतिरोधी झाल्याने नवे फाज शोधावे लागले. औषधाची कुपी तयार असली की काम झाले, ही सिरिंजची धारणा येथे उपयोगी पडली नसती. रुग्णाच्या शरीरातील नेमक्या जीवाणूशी जुळणारे फाज निवडणे हाच उपचाराचा गाभा होता.

लंडनमधील एका १५ वर्षीय मुलीच्या उपचाराचा वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतर तिच्या शरीरात मायकोबॅक्टेरियम अब्सेसस या जीवाणूचा संसर्ग पसरला होता. तिच्यासाठी तीन फाजांचे मिश्रण करण्यात आले. त्यांपैकी दोन फाज मूळचे सुप्त राहू शकणारे होते. म्हणून जनुकीय बदल करून त्यांची सुप्त राहण्याची क्षमता काढून टाकण्यात आली. उपचारानंतर तिच्या प्रकृतीत लक्षणीय सुधारणा झाली. सुई सारखीच असली, तरी आतील सूचना कोणती आहे यावर सारे अवलंबून असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मात्रेचा प्रश्नही असाच आहे. सिरिंजवरील खुणांवरून औषधाची मात्रा मोजता येते. फाजची संख्या मात्र शरीरात गेल्यावर जीवाणूंच्या उपलब्धतेनुसार वाढते किंवा घटते. जीवाणू विरळ असतील, तर फाजची वाढ जोम धरत नाही; जीवाणू फार असतील आणि एकाच वेळी फुटले, तर त्यांच्यातून बाहेर पडणाऱ्या विषारी घटकांचा विचार करावा लागतो. शिवाय रुग्णाची प्रतिकारशक्ती फाजला परके मानून नष्ट करू शकते. मात्रा ठरविताना औषधशास्त्राबरोबर परिसंस्थाशास्त्राचाही आधार घ्यावा लागतो, तो याच कारणाने.

उपमेचे नवे रूप :

निसर्गात काही जीवाणूंनी फाजच्या शेपटीसारखी रचना स्वतःच्या उपयोगासाठी राखून ठेवलेली आढळते. या रचनेला डोके नसते आणि तिच्यात डीएनएही नसतो. ती केवळ प्रथिने दुसऱ्या पेशीत टोचते. फोटोऱ्हॅब्डस या जीवाणूमधील अशा रचनेच्या टोकाशी बदल करून ती मानवी पेशींना ओळखेल आणि ठरावीक प्रथिन आत सोडेल, असे यश अमेरिकेतील फेंग झांग यांच्या प्रयोगशाळेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. उंदरांमध्येही तिचा वापर करून दाखविण्यात आला. ही रचना स्वतःची संख्या वाढवीत नाही, मोजून देता येते आणि भरलेला पदार्थ तेवढा पोहोचविते. फाजला दिलेली सिरिंजची उपमा फाजपेक्षा त्याच्या या आप्तालाच अधिक शोभते, असे म्हणता येईल.

समारोप :

सिरिंजची उपमा चुकीची ठरवून टाकून द्यावी, असा या विवेचनाचा अर्थ नाही. कवच बाहेर आणि डीएनए आत, हे मूलभूत सत्य तिने अनेक पिढ्यांना समजावून दिले आहे. परंतु तिच्यामुळे फाज हे एक निर्जीव साधन आहे आणि त्याचे काम टोचण्यापाशी संपते, असा समज होतो. प्रत्यक्षात टोचणे ही केवळ सुरुवात असते. त्यानंतर जीवाणू मरेल, सुप्त संसर्ग बाळगेल किंवा अधिक घातक होईल, हे आत गेलेल्या सूचनांवर आणि जीवाणूच्या प्रतिसादावर ठरते. म्हणून वर्गात ही उपमा शिकविताना दट्ट्या कोणता, हात कोणाचा, निवड कोण करतो आणि आत गेलेल्या पदार्थाचे पुढे काय होते, हे चार प्रश्न विद्यार्थ्यांसमोर अवश्य ठेवावेत. हेच विद्यार्थी उद्या प्रयोगशाळेत किंवा रुग्णालयात फाजची कुपी हातात घेतील, तेव्हा आपण औषध देत नसून वाढणारा, बदलणारा आणि निवड करणारा एक घटक शरीरात सोडत आहोत, याचे भान त्यांना असणे अत्यावश्यक आहे.